भाऊजींनी उतरवून घेतलेली उत्तरं

माझे धाकटे दीर पोटापाण्यासाठी वेबसाइटवरचा मजकूर उपसतात. पानामागे खुणांचा जो गिचमिड कोड असतो, त्यातून हवं तेवढं उचलायला ते रेगेक्सची एक ओळ लिहितात: या खुणेपासून त्या खुणेपर्यंतचं घे, बाकीचं सोड. त्या एका ओळीचा त्यांना भारी तोरा. काम झालं की उतरवून घेतलेली मूळ पानं लगेच पुसायची, ही ऑफिसातली शिस्त घरीही चालते.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यावर ते एका वेबसाइटवर लोकांच्या अडचणींना उत्तरं देऊ लागले. हल्ली त्यांना विसर पडायला लागलाय. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, आता हत्यारांचीही. त्यातच ती वेबसाइट बंद होणार असं कळलं. उत्तरं वाचवायलाच हवी होती. त्यांची आयुष्यभराची कारागिरी तेवढीच उरली होती.

"भाऊजी, एकेक उत्तर उघडून कॉपी करू या का? मी बसते," मी म्हटलं.

"कशाला वहिनी? पाच मिनिटांचं काम. तुम्ही चहा टाका."

चहा उकळायच्या आत झालंसुद्धा. त्यांनी पहिलं उत्तर वरवर पाहिलं, मान डोलावली आणि पानं पुसली. वेबसाइट बंद झाल्यावर आम्ही निवांत वाचायला बसलो, आणि भाऊजींचा चेहरा पडला.

सुरुवातीची काही उत्तरं सोडली, तर मामंजी आधी विचारणाऱ्याचा प्रश्न चौकटीत जसाच्या तसा उतरवायचे आणि त्याखाली उत्तर लिहायचे. म्हणजे उत्तराच्या मोठ्या चौकटीत प्रश्नाची छोटी चौकट, आणि दोन्ही बंद करणारी खूण एकसारखीच. भाऊजींची ओळ पहिली बंद करणारी खूण दिसताच थांबली होती. प्रश्न तेवढे आले, उत्तरं गेली. मी संतापून चहाचे कप मोरीत आदळले. बिचाऱ्यांनी न सांगता कप विसळले.

"बाबांनाच विचारतो," म्हणत ते मामंजींशेजारी जाऊन बसले आणि एक प्रश्न वाचला. "भिंतीवरचं घड्याळ पूर्ण चावी दिली तरी थोड्या वेळात थांबतं. काय करू?"

मामंजींनी मन लावून ऐकलं. "चांगलं विचारलंय. कुणी उत्तर दिलं का त्याला?"

"दिलं होतं, बाबा. तुम्हीच."

"मग लागलं असेल चालायला," मामंजी समाधानाने म्हणाले.