गुढीच्या आधी की नंतर?

खरं सांगायचं तर त्या आषाढात माझं देवाशी भांडण चाललं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते आणि मला धड आनंदही करता येत नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीचं गरोदरपणात बीपी वाढलं, सातव्या महिन्यात झटके आले आणि बाळ हाती लागलं नाही. तेच आपल्या वाट्याला येणार, या भीतीनं मी घरभर येरझारा घालायची. आमच्या घरी चार महिने भरेपर्यंत गोड बातमी बाहेर सांगत नाहीत, डॉक्टरकडेसुद्धा जात नाहीत. मी जबलपूरजवळच्या मझौलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, पण सासूबाईंपुढे माझंही विज्ञान गप्प बसलं.

चार महिने भरत आले तसे आम्ही जबलपुरात अधारतालच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझी पाळी कधीच नेमाची नव्हती, पण शेवटची पक्की लक्षात होती. चैत्र वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी. त्या दिवशी मला पूजा करता आली नव्हती. ह्यांनी घरातल्या भिंतीवरचं जबलपूरचं पंचांग पाहून तिची तारीख काढली होती. ती ऐकून बाई म्हणाल्या, "सत्रहवाँ हफ्ता लग गया. देर कर दी आपने." वारेतून आईच्या रक्तात काही प्रथिनं उतरतात, त्यांच्यावरून पुढे बीपी चढण्याचा धोका किती याचा अंदाज येतो. पण ही तपासणी चौदावा आठवडा पुरा व्हायच्या आत करायची, आणि धोका निघाला तर रोजची छोटी गोळी सोळाव्याच्या आत सुरू झालेली बरी. दोन्ही वेळा टळल्या होत्या. सोनोग्राफीचा नंबर मिळाला तो दोन आठवड्यांनंतरचा.

दुसऱ्याच दिवशी संकष्टी आली. मी कमानिया गेटजवळच्या गणपतीच्या देवळात गेले, पण हात काही जोडले गेले नाहीत. अकरा वर्षांनी द्यायचं होतंस तर असं अर्धवट का दिलंस, असा जाबच मी विचारत होते. बोलता बोलता रडू कोसळलं. खांबाशी एक अनोळखी आजी दूर्वांच्या जुड्या बांधत बसल्या होत्या.

"काहून रडून राहिली, बाई?"

घरात कोणाशी बोलले नव्हते ते सगळं मी त्यांना सांगून टाकलं. तिथीही सांगितली. आजींचे हात थांबले.

"तुला आठवते ते गुढी उभारायच्या आधीचं, का नंतरचं?"

"नंतरचं. गुढी मीच उभारली होती."

"मंग महिना चुकला न तुमचा! आपला महिना अवसेला सरते, इथल्या लोकांचा पुनवेला. इथलं पंचांग पाह्यलं असन. त्यांचा चैत्र वद्य गुढीच्या आधीच होऊन जाते. म्हंजे तारीख महिनाभर आधीची धरली तुम्ही. अच्छा, आता रडू नको, जा लवकर."

मी देवाला नमस्कार न करताच पळत सुटले. फोनवर ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "अरे, चैत तो चैत होता है ना!" त्यांचं सगळं शिक्षण हिंदीत, त्यांना तरी काय बोलणार? दवाखान्यात हातापाया पडले, तेव्हा बाईंनी मध्येच आत घेतलं. पडद्यावर बाळ हललं. बाई म्हणाल्या, "बारह हफ्ते, चार दिन." त्याच टेबलावर मी हुंदके देऊन रडले. रक्त तिथेच, तेव्हाच घेतलं. दोन आठवडे थांबले असते तर तपासणीची वेळ खरोखरच टळली असती.

रिपोर्ट चांगला आला असं मात्र नाही. प्रथिनं कमी होती, धोका होताच. त्याच दिवशी गोळी सुरू झाली, दर आठवड्याला बीपी मोजणं सुरू झालं. शेवटच्या पंधरवड्यात बीपी चढलंच, पण तोवर दिवस भरत आले होते. मुलगी झाली. आम्ही दोघी सुखरूप घरी आलो.

याला चमत्कार म्हणावं की एका आजीचा चौकसपणा, यावर मी वाद घालत नाही. धोका नाही एवढंच ऐकायची माझी हट्टी मागणी होती. ती देवानं ऐकली नाही. मला लागणार होता तो एक महिना तेवढा माझ्या ओंजळीत टाकला. स्वभाव माझा तसाच आहे. मुलगी शिंकली तरी जीव थाऱ्यावर राहत नाही. पण औषध पाजून झालं की तिला मांडीवर घेऊन मी म्हणते, देवा, माझ्याच्यानं झालं तेवढं केलं, पुढचं तू बघ. आणि आश्चर्य म्हणजे, तिच्या आधी मलाच झोप लागते.