देवरावची बॉडी

आता हे सांगितलं तर माझीच इज्जत जाते! पण अर्ध्या रिसोडले माहीतच हाय, तर तुमी तरी माझ्या तोंडूनच आयका.

माझं कापडाचं दुकान. रिठदचा देवराव शाळेपासूनचा दोस्त. त्याचा मोबाईल कायम बंद, म्हणून जिथं तिथं माझा नंबर देऊन ठेवते. एक दिवस तो अकोल्याले गेल्ता. कायले, ते काही बोलला नाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फोन आला. "अकोल्याहून बोलतो. देवरावचे तुमी कोण?"

"दोस्त. काहून?"

"बॉडी तयार हाय. लवकर घेऊन जा, इथं ठेवाले जागा नाई."

माझ्या हातातली कैचीच पडली! कसाबसा बोललो, "कसं... कसं झालं हो?"

"एकदम मस्त! मांगून जरा दबली होती, ठोकून सरळ केली."

या अल्ला! ठोकून? कोणता दवाखाना हाय हा?

"पीएम झालं काय?" मी इचारलं. पोस्टमॉर्टेम हो!

त्याले काय ऐकू गेलं कोण जाणे. "पासिंग म्हणता का? ते आरटीओत होते."

आरटीओ! म्हणजे अपघातच! शंकाच मिटली.

"बरं, वरून झाकाले कापड देतो. रंग कोणता पाह्यजे?"

मले वाटलं, कफनाचं इचारून राह्यला. "पांढराच ना बापा," मी रडतच म्हणलं, "दुसरा कोणता असते?"

फोन ठेवला अन् किन्हीराजा गावी देवरावच्या साळ्याले कळवलं. मंग मोटारसायकल काढली अन् रिठद गाठलं.

देवरावची बायको अंगणात सोयाबीन निवडत बसली होती. मले तर वहिनीकडं पाहावेच ना.

"वहिनी, मन घट्ट करा. अकोल्याहून फोन आला. बॉडी... तयार हाय म्हणते."

वहिनी टुणकन उठल्या. "झाली? बरं झालं माय! मी कवाची वाट पाहून राह्यली होती!"

बाई काय बोलून राह्यली?

"रफिकभाऊ, आता हार घालू, नारळ फोडू, गावातून मिरवत आणू. अन् पेढे तुमच्याकडून!"

पेढे! सदम्यानं डोकं फिरलं बिचारीचं. मले राहवलं नाई. मी तिथंच हंबरडा फोडला, "अरे देवराव, असा कसा गेला रे!"

"कुठं गेले? सकाळीच तर आले. न्हाणीत हायत," वहिनी म्हणे.

न्हाणीचं दार उघडलं. डोक्याले साबण, कमरेले टॉवेल. देवराव! "काहून बोंबलून राह्यला बे?"

मी खाटेवर बसलो, पाणी पिलो, तवा कुठं समजलं. गड्यानं मालवाहू गाडी घेतली होती! गाडीचा नुसता सांगाडा आणला अन् वरची बॉडी बांधाले अकोल्याले टाकली. नजर लागते म्हणून दोस्तालेही सांगितलं नाई.

आता तुमीच सांगा, माझं काय चुकलं? माणूस मेला तर बॉडी, गाडीले मांगं डबा बसवला तर बॉडी, पोरं जिममधी जाऊन दंड फुगवते ते बी बॉडीच! इंग्रजाले दुसरा शब्द नव्हता काय?

हे बोलून राह्यलो तोच दारात जीप थांबली. किन्हीराजाची सारी मंडळी! साळा रडत उतरला, डोळ्यातल्या पाण्यानं काही दिसेना, अन् समोर उभ्या माणसाच्या गळ्यात पडला. "भाऊजी गेले होऽऽ!"

"कुठं गेलो बे? सोड, साबण डोळ्यात चालला!" देवराव वरडला.

साळ्यानं मान वर केली अन् मटकन खालीच बसला.

मंग काय, वहिनीनं साऱ्याईले चहा ठेवला. कोणी हसे, कोणी मले शिव्या दे. देवराव अंग पुसून आला अन् सगळ्यायसमोर हात जोडून म्हणे,

"एकच इनंती हाय. मी खरंच गेलो, तर फोन दुसऱ्या कोणी करजा. यानं केला, तर एक माणूस येणार नाई!"

सगळ्यायनं माना हलवल्या. खोटं काहून बोलू, मी बी हलवली!