एक जुलैच्या इंगळे बाई

आमच्या शाळेत चार शिक्षकांचा वाढदिवस एकाच दिवशी असायचा, एक जुलैला. त्यात नवल काही नाही. वऱ्हाडात शाळा एक जुलैला भरायची, आणि ज्या पोराची जन्मतारीख आईबापाला सांगता येत नसे त्याच्या नावापुढे गुरुजी तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. आमच्यातले तिघे त्या दिवशी शुभेच्छा दिल्या तर ओशाळं हसायचे. सुलोचना इंगळे बाई मात्र कडक इस्त्रीची साडी नेसून, मूर्तिजापूरहून अर्धा किलो पेढे घेऊन यायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, सरकारी वाढदिवसाचे पेढे?" तर म्हणाल्या, "गपचिप खा. तुमची खोटी असन, माही खरी हाय."

वर्गात बाई शुद्ध बोलत, व्हरांड्यात पाऊल पडलं की अस्सल वऱ्हाडी. साहेब तपासणीला आले तरी त्यांचा सूर खाली येत नसे. "खुर्चीले काय भ्याचं, सर? तिच्यावर तं बसतेत." भांडकुदळ होत्या का? होत्या. मला त्या त्यामुळेच आवडायच्या. निवृत्तीनंतरही त्या स्टाफरूममध्ये येऊन भांडायच्या. त्या वारल्या त्याला आता वर्ष होईल, आणि तिथे फार शांतता असते. ती मला सोसत नाही.

बाई निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्यांची मुलगी प्रेरणा अमेरिकेत बाळंत व्हायची होती. पहिलटकरीण, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं, घरात नवऱ्याशिवाय माणूस नाही. "आई, तू कधी येतेस?" असा तिचा रोज फोन. बाईंनी अमरावतीच्या एका एजंटाकडून व्हिसाचा अर्ज भरून घेतला. तिकडचे लोक आधी महिना लिहितात आणि मग दिवस. एजंटाने पासपोर्टवरचं ०१/०७ जसंच्या तसं उतरवलं. व्हिसा हातात आला तेव्हा बाईंचा जन्म सात जानेवारीचा झाला होता. पासपोर्ट एक सांगतो, व्हिसा दुसरंच. विमानात कोण बसू देणार?

मी त्यांच्यासोबत अमरावतीला गेलो. एजंटाने चहा मागवला. "मॅडम, व्हिसा दुरुस्त व्हाले लय टाइम लागते. त्यापेक्षा कोर्टात अ‍ॅफिडेव्हिट करू, इकडचे कागदच बदलून टाकू. मी झटपट करून देतो. नाहीतरी एक जुलै म्हंजे गुरुजीनं टाकलेली तारीख. कोनाले काय फरक पडते?"

मला ते पटलं. प्रेरणाचे जेमतेम पाच आठवडे उरले होते. बाईंना बाहेर नेऊन म्हटलं, "करून टाका. पोरगी वाट पाहतेय."

"माही माय सांगे, मी कपाशी वेचाच्या दिवसात झाली. थंडी होती," बाई म्हणाल्या. "म्हंजे सात जानेवारी खरीबी असू शकते."

"मग तर प्रश्नच मिटला!"

त्या भडकल्याच. "मिटला कसा? जलम तं कुत्र्यामांजरायचाबी होते. माहा बाप सरकी काढाच्या जिनात कापसाचे बोजे उचले. त्या दिवशी रोजी पाडून त्यानं मले खांद्यावर बसवलं अन् शायेत नेलं. आमच्या वस्तीतली पयली पोरगी. मास्तरनं जन्मतारीख इचारली. बाप म्हने, आजचीच लिहा. बापानं देल्ली ते तारीख, सर. अन् हा चहा पेता पेता मिटवून राहिला!"

आत जाऊन त्यांनी एजंटाला त्याची चूक त्याच्याच हाताने कागदावर लिहायला लावली. दुरुस्तीचा अर्ज स्वतः लिहिला, महिना ठळक अक्षरांत. एजंट म्हणाला, "मॅडम, उशीर होईन."

"होऊ दे."

उशीर झालाच. बाळ झालं, मुलगी झाली, आणि व्हिसा त्यानंतर अकराव्या दिवशी आला. प्रेरणा फोनवर रडत म्हणाली, "तुला कागद मोठा की मी?" मी समोरच बसलो होतो. खरं सांगतो, त्या दिवशी मला बाईंचा राग आला. वाईट नाही वाटत का, असं मी तोंडावर विचारलं. "वाटते ना. रातभर रडली मी," त्या म्हणाल्या. "पन उद्या पुन्हा इचारलं तं पुन्हा नाहीच म्हनीन."

पुढचं त्यांनी मला तिकडून फोनवर सांगितलं. प्रेरणा दोन दिवस बोललीच नाही. बाळ मांडीवर द्यायची आणि तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी बाळाला न्हाऊ घालताना बाईंनी तिला जिनाची, खांद्याची, त्या मास्तरांची हकिगत सांगितली. एवढ्या वर्षांत ती कधी सांगितलीच नव्हती. तेव्हा प्रेरणा म्हणाली, "आई, आबांचं पूर्ण नाव काय होतं?"

"माह्या पोरीले माह्या बापाचं नाव येत नव्हतं, सर!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की मी फोन कानापासून लांब धरला. "दहा वेळा लिहून घेतलं तिच्याकून."