परदेशी टेबलाचे आप्पा

"बसा. दमला आसाल. मीबी दमलोय."

समोर कुणीही येवो, आप्पांचं पहिलं वाक्य हेच. चष्मा काढायचा, दोन बोटांनी डोळे दाबायचे आणि हे म्हणायचं. प्राचार्यांनाही हेच, टपालवाल्यालाही हेच. टांझानियाहून विमानं आणि रेल्वे बदलत आलेल्या पोरालाही हेच, फक्त इंग्रजीत: "सिट. यू टायर्ड. मी आल्सो टायर्ड." पोरगा हसायचा. त्याची निम्मी भीती तिथंच जायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. दौंडहून पाटसकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं फार्मसीचं खाजगी कॉलेज होतं. पुण्यात प्रवेश न मिळालेली आफ्रिकेतली चार-दोन मुलं दरवर्षी आमच्याकडं यायची. मी ऑफिसात टायपिस्ट होते, शिरूरकडून एसटीनं यायचे. आप्पा सीनियर क्लार्क. त्यांच्या टेबलाला सगळे 'परदेशी टेबल' म्हणत. त्या कामावर त्यांना कुणी नेमलं नव्हतं. बाकीच्यांनी अंगाबाहेर टाकलं आणि ते आप्पांच्या अंगावर पडलं, एवढंच. असा एक माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. तुमच्याही असेल.

काम म्हणजे दौंड स्टेशनावर पोराला उतरवून घ्यायचं. एसटीडी बूथवरून 'पोचलो' म्हणून त्याच्या घरी फोन लावून द्यायचा. मग पुण्याला नेऊन पोलिसांकडं नोंदणी, पुढं दरवर्षी व्हिसा वाढवून घेणं. एका खेपेत काम झालं असं क्वचितच घडायचं. कधी फोटोची पार्श्वभूमी चुकलेली, कधी कॉलेजच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट. काम झालं की नाही, हे एसटीतून उतरून फाटकातून आत येणाऱ्या आप्पांच्या चालीवरूनच आम्हाला कळायचं.

खोली मिळवणं त्याहून जड. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की पाटसपर्यंतच्या खोल्या भरून जायच्या. उरलेले घरमालक पोराचा रंग बघून दार अर्धंच उघडायचे. आप्पा वाद घालायचे नाहीत. पोराला एकच मराठी वाक्य शिकवून ठेवायचे: "मावशी, पाणी द्या."

"आमचा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा," ते मला सांगायचे. "परमुलखात आधी पानी मागायचं. पानी दिलं की मानूस बोलाया लागतो. जागंचं मंग. त्याला कुनी व्हिसा इचारला न्हाई, तेवढं बरं हुतं."

ही युक्ती दरवेळी चालायची असं नाही. एकदा एका पोराला घेऊन दिवसभर हिंडून आले आणि खुर्चीत टेकत म्हणाले, "पान्यानं पोट भरलं दोघांचं. खोली न्हाई."

नीमाच्या वेळी मात्र लगेच जमलं. ती टांझानियाची, उंच, शांत मुलगी. कॉलेजमागच्या वस्तीवर शेवंती आणि भाजीपाला करणारं एक कुटुंब होतं. तिथल्या मावशींनी नाव विचारलं. तिनं सांगितलं.

"नीमा? आगं बया, हे तर आपल्यातलंच नाव हाय की वो, आप्पा!"

झालं. नीमाला ओसरीलगतची खोली मिळाली. संध्याकाळी ती मावशींच्या सुनेबरोबर फुलं निवडायला बसायची आणि त्यांच्यासारखंच बोलायला शिकली. ऑफिसात येऊन "आप्पा, सही कवा मिळंल?" असं विचारायची, तेव्हा आम्ही टायपिंग थांबवून ऐकायचो.

तिचं शेवटचं वर्ष होतं, परीक्षा तोंडावर आलेली. एका दुपारी तिच्या भावाचा फोन आला. वडील गेले होते. तिच्यासाठी माती थांबवली होती, पण फार दिवस थांबता येणार नव्हतं. आणि तिचा पासपोर्ट व्हिसा वाढवण्यासाठी पुण्याच्या कचेरीत अडकलेला.

आप्पा त्याच दिवशी पुण्याहून परतले होते. पिशवी अजून खुंटीला लागली नव्हती. ती त्यांनी तशीच खांद्यावर घेतली आणि मला म्हणाले, "पोरीसंगं बाईमानूस पायजे. चला."

कचेरीतला कारकून आप्पांना ओळखत होता. भला माणूस होता. त्यानं हळू आवाजात सांगितलं, "पासपोर्ट आत्ता देतो. पण व्हिसा वाढवल्याचा आणि परत येऊ देण्याचा शिक्का साहेबांच्याच हातात, आणि साहेब रजेवर आहेत. आठवडा जाईल. शिक्क्याशिवाय गेली तर तिकडून नव्यानं व्हिसा मागावा लागेल. तो मिळेलच असं मी कसं सांगू?"

आप्पा बाहेरच्या बाकावर बसले. नीमाला शेजारी बसवलं आणि एकेक शब्द मोजून बोलले.

"आत्ता गेलीस तर बापाचं तोंड दिसंल. पर परत येता येईल का, ते मला सांगता यायचं न्हाई. थांबलीस तर परीक्षा व्हईल. बाप दिसायचा न्हाई."

तिनं हातातल्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "आप्पा, तुम्ही काय केलं असतं?"

मला वाटलं, ते म्हणतील, तुझं तू ठरव. ऑफिसचा माणूस तेच म्हणतो.

"माझा बाप कोकणातच वाटंवर गेला," आप्पा म्हणाले. "सांगावा आला तवा माती होऊन गेली हुती. तोंड बघितलं न्हाई की मानूस गेल्यासारखा वाटत न्हाई, पोरी. अजून दिवाळीनंतर मेंढरं निघाली की मी वाटंकडं बघतो. तू जा."

ती गेली. आप्पांनी तिला मुंबईच्या गाडीत बसवून दिलं, आणि विमानतळावर काय विचारतील, काय सांगायचं, ते गाडी हलेपर्यंत खिडकीतून सांगत राहिले.

वडिलांचं तोंड तिला दिसलं. नवा व्हिसा मात्र मिळाला नाही. आप्पांनी अर्ज केले, कॉलेजचे दाखले पाठवले, पुण्याला खेपा घातल्या. परीक्षा होऊन गेली. प्राचार्यांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. "तुम्ही तिला थांबवायला हवं होतं. तुमच्या सल्ल्यानं मुलीचं शिक्षण गेलं."

"व्हय, साहेब," आप्पा म्हणाले. बाकावर काय बोलणं झालं, ते मला ठाऊक होतं. मी सांगू लागले तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

त्यानंतर त्यांचं दमणं गमतीचं राहिलं नाही. नवी पोरं येत होती, स्टेशनावर आप्पाच जात होते, पण कुणी सल्ला विचारला की ते फक्त नियम सांगायचे. रिटायर झाले आणि इनामगावच्या बाजूला, घोडनदीकाठच्या आपल्या गावी गेले. वर्ष सरायच्या आत तिथंच वारले. दहाव्याला मी गेले होते. नदीला पाणी नव्हतं. वस्तीवरच्या मावशी माझ्याही आधी येऊन बसल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात ऑफिसात फोन वाजला. खरखर फार होती.

"हॅलो, आप्पा हायत का?"

त्या आवाजातलं मराठी विसरणं शक्य नव्हतं. "नीमा?" मी म्हणाले.

ती भरभरून बोलायला लागली. राहिलेलं शिक्षण तिकडंच पुरं केलं होतं. आता एका दवाखान्यात औषधांच्या विभागात नोकरी लागली होती. "आईसंगंच राहते मी. आप्पांनी सांगितलं ते बरं केलं. हे त्यांना मला सोताच्या तोंडानं सांगायचंय. द्या की त्यांना."

"आप्पा नाहीत गं," मी म्हणाले.

"पुण्याला गेलेत? मग मी उद्या करते."

मराठीत हे असं आहे. ऑफिसात नाही तोही 'नाही', आणि जगात नाही तोही 'नाही'. तिला पहिलंच ठाऊक होतं. मी तिला थांबवलं आणि नीट सांगितलं.

"कवा?" एवढंच तिनं विचारलं.

मी सांगितलं. पलीकडं कुणीतरी तिला त्यांच्या भाषेत हाका मारत होतं. ती ओ देत नव्हती. मीही रिसीव्हर खाली ठेवला नाही.