हिरामावशींनी न उसवलेली शिवण

हिरामावशी माप मोठ्यानं सांगत नसत. जुन्नरच्या बाजारपेठेतले बाकीचे टेलर कमरेभोवती टेप फिरवून आकडा असा ओरडत, की रस्त्यावरच्या भाजीवालीलाही कळे कुणाचा घेर किती ते. हिरामावशी टेप लावत, वाकून बघत आणि मुकाट्यानं वहीत लिहीत. आम्ही जैन, पेठेत आमचं किराणा दुकान; त्याच्यासमोर एका जिन्याखाली त्यांचं मशीन होतं. शाळेचे गणवेश त्या शिवत. अंगानं जाड मुली न सांगता त्यांच्याकडेच जात, आणि त्यांत मी पहिली.

वाढत्या मुलीच्या कपड्यात त्या आत दोन बोटं जास्त कापड सोडत. शिवणकामात या जास्तीच्या कापडाला ‘माया’ म्हणतात. “वाढतं अंग हाय, माया ठिवली पायजे,” असं म्हणत त्या खडूनं रेघ मारत. मग वर्षात मुलगी वाढली, की शिवण उसवून कपडा सैल करून देत. त्याबद्दल कुणाला टोमणा नाही, हसणं नाही. “पुन्हा वाढलीस का गं?” हे वाक्य मी आयुष्यात शंभर जणांकडून ऐकलं, हिरामावशींकडून एकदाही नाही.

त्या मूळच्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या. घरची भातखाचरं, वर उतारावर नाचणी. लग्न होऊन जुन्नरला आल्या आणि इथंच राहिल्या. मूलबाळ नव्हतं, नवरा गेलेला. बहिणीची मुलगी दुर्गा त्यांच्याकडे शिकायला होती. दुर्गा माझ्याच वर्गात. शाळेत वजन घेतलं तेव्हा तिचं आणि माझं अगदी सारखं भरलं. वर्गात आम्हाला ‘दोन पोती’ म्हणत. दुर्गा त्यावर हसायची. मी घरी येऊन शेव खायची.

नववीच्या दिवाळीआधी माझा कमीज कमरेत बसेना. जूनमध्येच शिवलेला. मी तो घेऊन मावशींकडे गेले आणि म्हटलं, सैल करून द्या. त्यांनी टेप लावला, वहीतलं जुनं माप काढलं. मग दंड मोजला, मनगट मोजलं, खांदा मोजला. हे सगळं होतं तेवढंच होतं. वाढला होता तो फक्त पोटाचा घेर. शेवटी त्यांनी माझी वेणी बाजूला केली आणि मानेवरून अंगठा फिरवला. मानेवर एक काळपट, मखमलीसारखा पट्टा आला होता. आई दर रविवारी तो बेसन लावून घासायची.

त्यांनी कमीज घडी करून माझ्या हातात परत दिला. “ही शिवण मी उसवणार न्हाई,” त्या म्हणाल्या. “आदी तुझ्या आईशी बोलते.”

त्या दुपारीच रस्ता ओलांडून आमच्या दुकानात आल्या. गिऱ्हाईक नाही असं बघून आईला म्हणाल्या, की मानेवरचा तो मळ नाही, पोरीला डॉक्टरला दाखवा. आई चिडली. तिचंही बरोबर होतं. मी सातव्या महिन्यात जन्मलेली, मूठभर वजनाची. जगेल की नाही असं सगळे म्हणत असताना आईनं मला चमच्यानं दूध आणि पुढं तूप भरवून वाढवलं होतं. आमच्या घरी मुलीचं गोबरं असणं म्हणजे आई जिंकल्याची खूण होती. ती म्हणाली, खात्यापित्या घरची मुलगी आहे, अशीच असायची.

हिरामावशी उभ्याच होत्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी शेंगदाण्याच्या पोत्यामागून ऐकलं.

“भाभी, आमचे मालक दिसायला काय जाड न्हवते. हातपाय काड्यांवानी, पोट तेवढं म्होरं. दर दिवाळीला त्यांच्या विजारीचा पट्टा मीच सैल करून द्यायची. कदी इचारलं न्हाई, का वाढतंय म्हणून. डॉक्टरानं साखर सांगितली, तवर पायाची जखम काळी पडली व्हती.” मग म्हणाल्या, “सोमवारी मी दुर्गीला मंचरला दाखवायला नेते. तिचंबी वजान एवढंच हाय. तुमी आलात तर बरूबर जाऊ.”

त्या गेल्यावर आई म्हणाली, लोकांना नाही ती चौकशी. पण रविवारी तिनं माझी मान घासायला घेतली आणि इतकी घासली, की कातडी लाल झाली. पट्टा होता तसाच. आईचा हात थांबला. सोमवारी सकाळी तिनं मला शाळेचा गणवेश घालू दिला नाही. आम्ही एसटी स्टँडवर पोचलो तेव्हा हिरामावशी आणि दुर्गा बाकावर बसलेल्या होत्या. मावशी नुसत्या सरकून बसल्या.

मंचरच्या डॉक्टरबाईंनी दोघींचं रक्त तपासलं, दोघींच्या पोटाची सोनोग्राफी केली. दुर्गाचं सगळं ठीक निघालं. माझ्या यकृतात चरबी साठली होती आणि साखर काठावर आली होती. मी चौदा वर्षांची होते. आईनं पुन्हा पुन्हा विचारलं, वजन तर दोघींचं एकच आहे ना?

डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. वजनकाटा चरबी किती ते सांगतो असं वाटतं, पण कुठं आहे ते सांगत नाही. दुर्गाची चरबी कातडीखाली, मांड्यांवर, दंडांवर आहे. माझी आत शिरून यकृताला चिकटली आहे. वेगवेगळ्या वंशांच्या मुलांत हा फरक दिसतो. आपल्या देशातल्या मुलांत ती पोटात लवकर साठते, आणि आपल्यातल्या आपल्यातही घराण्याघराण्यात फरक असतो. जन्मताना वजन कमी असेल तर त्याचाही हात असतो. आई म्हणाली, म्हणजे आमच्या रक्तातच आहे, डोंगरातल्यांच्या नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन मुलींवरून दोन समाजांचा नियम काढू नका. हिरामावशींनी मान हलवली. त्यांचे मालकही डोंगरातलेच होते. दुर्गालाही बाईंनी सोडलं नाही. आज ठीक आहेस, पण वजन असंच वाढत गेलं तर पुढचं सांगता येत नाही, असं बजावलं.

परतीच्या गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती. हिरामावशी हळूच म्हणाल्या, “भाभी, रक्तात हाय तर हाय. तुमी तिला जगवलीत, ह्यो काय तुमचा गुन्हा न्हाई.”

एवढं होऊनही, किंवा एवढं झालं म्हणूनच, आईनं त्यानंतर दीड वर्ष हिरामावशींकडे काही शिवायला टाकलं नाही. आमच्या घरातलं तूप कमी झालं, बाटलीतली गोड पेयं बंद झाली, शेवेचा डबा वरच्या फळीवर गेला. पण ज्या बाईसमोर आपली मुलगी नापास झाली, तिच्यासमोर उभं राहणं आईला जमेना. त्यांची दुर्गा पास झाली होती, हे तर त्याहून जड. माझा नवा गणवेश दुसऱ्या टेलरनं शिवला आणि माझा घेर साऱ्या पेठेला ऐकवला.

मावशींनी मात्र मला सोडलं नाही. रोज सकाळी त्या दुर्गाला घेऊन शिवनेरीच्या पायथ्याच्या रस्त्यानं चालायला जात. माझ्या घराखाली आल्या, की दुर्गा खोकायची आणि मी खाली उतरायची. आई स्वयंपाकघरात असायची. तिला ठाऊक होतं आणि नव्हतंही. मावशी पुढं, रबरी चपला फटफट वाजवत, आम्ही दोघी मागं धापा टाकत. “बारीक व्हायचं न्हाई, बरं व्हायचंय,” असं त्या म्हणायच्या. कुठल्या बांधावर कुठली रानभाजी येते ते दाखवायच्या. एकदा चढावर मी रडायला लागले, की दुर्गा माझ्याएवढंच खाते, मग मलाच का? मावशी दगडावर बसल्या, मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, “कुणाला कुठं काय दिलंय, ते काय आपल्या हातात न्हाई. पर तुला आत्ता कळलंय. आमच्या मालकांना कळलं तवा लई उशीर झाला व्हता.” मग उठून चपला वाजवत चढायला लागल्या.

मी कधीच सडपातळ झाले नाही. पण दहावी संपेपर्यंत मानेवरचा पट्टा फिका पडला, साखर मागं हटली आणि डॉक्टरबाईंनी यकृत सुधारल्याचं सांगितलं. तो कागद घेऊन आम्ही घरी आलो त्या संध्याकाळी आईनं कपाटातून एक ब्लाउजपीस काढलं आणि माझ्या हातात दिलं. “समोर देऊन ये,” एवढंच म्हणाली. मावशींनी कापड उलगडून पाहिलं, म्हणाल्या, “आईला म्हणावं, गुरुवारी न्या.”

पुढं शाळेनं तयार गणवेश मागवायला सुरुवात केली. मोठा, मधला, लहान, एवढीच मापं. मावशींना सुईत दोरा ओवायलाही दिसेनासं झालं होतं. दुर्गाचं लग्न येडगावला झालं तेव्हा ती त्यांनाही बरोबर घेऊन गेली. जाताना त्या दुकानात आल्या, मला जवळ घेतलं, आईला नमस्कार केला. दोघी एकमेकींना काही बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं, आई बोलेल.

गेल्या हिवाळ्यात हिरामावशी गेल्या. झोपेतच गेल्या, असं दुर्गानं फोनवर सांगितलं. तेरावं झाल्यावर मी येडगावला निघाले, तर आई दुकान वडिलांवर टाकून माझ्याआधी चप्पल घालून उभी.

दुर्गाच्या घरातून धरणाचं पाणी दिसतं. भिंतीवर मावशींचा फोटो होता, नव्या हारासकट. आई फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मग दुर्गाकडे न वळता म्हणाली, “मी दीड वर्ष त्यांच्याकडे काही शिवायला टाकलं नव्हतं.”

दुर्गा म्हणाली, “मावशी त्यावर कदी बोलल्या न्हाईत, काकू.”

आई कांदा-लसूण खात नाही, दिवस मावळल्यावर जेवत नाही, आणि बाहेर कुणाकडे तर दिवसाही नाही. नातेवाइकांकडेसुद्धा चार प्रश्न विचारून मगच पाणी घेते. हे दुर्गाला लहानपणापासून माहीत. त्यामुळे ती चुलीकडे जाता जाता संकोचून म्हणाली, की कालवणात कांदा आहे, तुम्हाला नुसती नाचणीची भाकरी आणि दूध चालेल का, की चहाच टाकू?

दिवस मावळायला अजून वेळ होता. आईनं पदर खोचला, जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “भाकरी वाढ.”