वहिनीवर मातामाय कोपली नाही

निरोप आणला तो पुलगावच्या गिरणीतल्या एका सायकलवाल्याने. मी नालवाडीच्या शाळेत पोरांकडून पाढे म्हणवून घेत होतो. तो दारातूनच म्हणाला, "मास्तर, तुमच्या वयनीले माता आली जी. दादानं बलावलं." माता म्हणजे देवीचा रोग. आमच्याकडे माणसाला खाणाऱ्या रोगालासुद्धा असं हात जोडून नाव देतात! मी पोरांना सुटी दिली, मिळाली त्या बैलगाडीत बसलो, पण वाटभर मला एकच वाटत होतं... वहिनीला? बाकी कोणाला देवी झाल्या असत्या तर समजू शकलो असतो. सगळ्या वस्तीला देवी टोचून घ्यायला लावणारी बाई ती!

वहिनी गेली त्याला आता काही आठवडे झाले. या आठवड्यांत मी जिथं जातो तिथं लोक हळूच विचारतात, "मातामायचा दगड हिनंच फेकला होता ना?" विचारणाऱ्यांत शिकलेले आहेत, माझ्याबरोबर चहा पिणारे आहेत. प्रत्येकाच्या तोंडावर हात ठेवणं मला जमत नाही. लिहिणं जमतं, म्हणून लिहितो आहे.

वहिनीचं नाव भागरथी. आमची वस्ती नाचणगावापलीकडे, नाल्याच्या काठाला. कवडूदादाशी लग्न होऊन ती आली तेव्हा मी चड्डीत होतो, आणि बाप नुकताच गेलेला. दादा गिरणीत जाई, माय दुसऱ्यांच्या शेतात निंदायला. मला शाळेत घातलं, टिकवलं, ते वहिनीने. शाळेतून पळून आलो की ती विळा माझ्या हातात देई आणि म्हणे, "चाला भाऊजी, मंग माह्यासंगं गवत कापाले." दोन-तीनदा त्या उन्हात गवत कापलं आणि पाढे गोड वाटायला लागले.

झाडांचं तिला वेड होतं, हा शब्द मी जपून वापरतो, कारण वस्ती तिला खरोखर वेडी म्हणे. दर पावसात नाला आमच्या घरांच्या बाजूची माती खाई. एका वर्षी एक भिंतच गेली. तेव्हापासून तिने काठावर करंज आणि निंब लावायला सुरुवात केली. भांडी धुतलेलं पाणी, अंघोळीचं पाणी, सगळं त्या रोपांना. बकऱ्यांनी खाऊ नये म्हणून भोवती बाभळीचे काटे. ते काटे तुडवून बायकांच्या पायांची चाळण व्हायची आणि शिव्यांचा पाऊस वहिनीवर पडायचा. ती हसून म्हणे, "शिव्या बी टाका वं बाई, खत होते." तिच्या चुलीत ओलं लाकूड कधी गेलं नाही. दादाने एकदा हिरवी फांदी तोडून आणली, तर तिने त्या दिवशी चूलच पेटवली नाही. आम्ही कांदा आणि शिळी भाकर खाऊन झोपलो. दादा नंतर कित्येक दिवस वाळकी काडीसुद्धा तिला विचारून उचलत असे.

पुढे वस्तीने दीक्षा घेतली. नागपूरहून सगळे परत आले तेव्हा अंगावर पांढरे कपडे होते आणि डोळ्यांत वेगळंच तेज होतं. घराघरांतले देव वर्धेच्या पात्रात गेले. राहिला तो वस्तीच्या तोंडाशी, मोठ्या निंबाखाली बसवलेला मातामायचा शेंदरी दगड. त्याला हात लावायला कोणी धजेना. गप्पा मारणारे गडी एकमेकांकडे बघू लागले. माझी माय तर तोंड फिरवून उभी होती. तिची दोन लेकरं देवीने गेली होती, तिच्या स्वतःच्या तोंडावर वण होते, आणि मी वाचलो तो नवसाने, असं ती जन्मभर समजत आली होती. शेवटी वहिनीने पदर खोचला, दगडाला मिठी घालून हलवला आणि ओरडली, "अरे, एकटीले नाई उचलत! देव गेला, दगड तं जड हायेच ना!" सगळे हसले. त्या हसण्यात भीती मोडली आणि दगड नदीला गेला.

पण म्हाताऱ्या बायका निंबाशी यायच्या थांबल्या नाहीत. कुंकू, लिंबू, पाण्याचा तांब्या... चोरून चालूच. आमच्यातला दौलत तापट आणि सरळ पोरगा, नव्या धर्माचं सगळं काम अंगावर घेतलेला. तो एका सकाळी कुऱ्हाड घेऊन आला. "झाडच गेलं तं या बायाईले यायचं काम नाई." एक फांदी त्याने उतरवलीसुद्धा. वहिनी तुरीची डाळ निवडत होती. सूप घेऊन तशीच खोडाला टेकून बसली आणि डाळ निवडत राहिली.

"उठ वं वयनी."

"काऊन? निंबानं काय केलं? त्यानं सांगतलं होतं का, माह्याखाली दगड बसवा म्हून? वैशाखात पोरं कुठी बसवशीन, तुह्या डोक्यावर?"

दौलत चिडला, पण तिला ढकलण्यातला नव्हता. भांडण होत होत दुपार झाली आणि शेवटी वहिनीने शब्द दिला. या झाडाला पूजा होणार नाही. ज्या दिवशी कोणी कुंकू लावेल, त्या दिवशी दौलतने झाड खुशाल तोडावं, ती आडवी येणार नाही. दौलत म्हणाला, "शब्द म्हंजे शब्द." तेव्हापासून पहाटे उठून निंबाखालची जागा झाडणं हे तिचं काम झालं. मायसुद्धा तांब्या घेऊन तिकडे वळली की ती मागून हाक मारायची, "आत्याबाई, पानी करंजीले घाला, तहान तिले बी लागते."

देवी टोचणारा सरकारी माणूस आमच्या वस्तीत पूर्वी कधी आत येत नसे. गावात पाटलाच्या ओसरीवर बसायचा आणि तिथूनच परत. वहिनी पुलगावला जाऊन त्याला घेऊन आली, त्याच निंबाखाली बसवला, आणि घराघरांत शिरून लेकरं काढली. कोणी रडत, कोणी चावत. बायका म्हणत, मातेच्या कामात हात कायले घालाचा? ही म्हणे, "मातेचं काम मी करते, तू पोराचा हात धर." स्वतःची दोन्ही लेकरं तिने सगळ्यांत आधी पुढे केली. आणि तिची पाळी आली तेव्हा... बाई गायब! गुरं सुटली म्हणून गेली ती टोचणारा जाईपर्यंत परत आली नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच. मी चिडवलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." ती ओशाळून हसली. लहानपणी पोटात दुखतं म्हणून तिला तापल्या लोखंडाने डागलं होतं. तेव्हापासून दुसऱ्याच्या हातातलं लोखंड अंगाजवळ आलं की ती पळ काढायची. मातामायला न भ्यायलेली ही बाई टोचणीला भ्यायची. "पुढच्या बारीले नक्की," म्हणाली.

पुढची बारी आली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी साथ आली आणि मी पोचलो तेव्हा वहिनी ओळखू येत नव्हती. कसं लिहू? तोंडात फोड, पापण्यांवर फोड, पाणी गिळता येईना. लेकरांना शेजारी नेलं होतं. माय तिच्या उशाशी बसली होती आणि स्वतःच्या मांडीखाली तिने निंबाचा डहाळा लपवला होता. आमच्याकडे माता आली की दाराला निंब बांधतात, रोग्याच्या अंगावरून निंबाचा पाला फिरवतात. थंड वाटतं, आग कमी होते. पण वहिनीने पाला अंगाला लावू दिला नव्हता. तिला दिसत नव्हतं, वासानेच कळलं, आणि तिने हात हलवून नाही म्हटलं.

मी रागावलो. म्हटलं, हा वेडेपणा पुरे. पाला औषध म्हणून फिरवतो, पूजा म्हणून नाही. ती थांबत थांबत बोलली.

"तुमी वारा घालान, भाऊजी... लोकं पूजा म्हनतीन. मंग दौलत झाड पाडीन. त्याचा दोस नाई, शब्द म्या देल्ला."

"आणि तुझी आग?"

"आग विझते... निंब नाई उगवत दुसऱ्या दिवशी."

मी तो पाला हातात घेऊन बसून राहिलो. आजही मला त्या गोष्टीचा राग येतो. झाडाचा, दौलतचा, तिचा, सगळ्यांचा येतो. ती तीन दिवस जळत होती आणि पाला हाताशी होता. शेवटल्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं. "लोकाईले सांगजा... भागरथी टोचनीले भेली म्हून गेली. कोप-गिप सांगान तं बाया पोरं दडवतीन." त्यानंतर ती शुद्धीत आली नाही.

तिची भीती खरी ठरली. माती देऊन आलो त्याच संध्याकाळी कुजबुज सुरू झाली. दगड फेकला त्या बाईलाच नेलं, म्हणे! टोचलेल्या एकाही लेकराला काही झालं नव्हतं, पण ते कोण बघतो? चार-पाच बायकांनी नवा दगड आणायचं ठरवलं. दौलतला कळलं, त्याने कुऱ्हाडीला धार लावली. मी ओरडून ओरडून सांगितलं, वहिनीचं बोलणं सांगितलं. मास्तर आपल्या वहिनीची लाज झाकतो, असं त्या म्हणाल्या.

अशात टोचणारा आला, राहिलेल्यांना टोचायला. निंबाखाली पेटी उघडून बसला, तर समोर कोणी नाही. दारं लावलेली, आतून लेकरांच्या रडण्याचा आवाज. एका बाजूला बायका, एका बाजूला दौलत. तेवढ्यात आमच्या घरातून माय निघाली. तिच्या हातात तांब्या नव्हता, मी आधी तेच पाहिलं. ती सरळ टोचणाऱ्यापुढे जाऊन बसली आणि बाही वर केली.

तो तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "आजी, तुम्हाला देवी येऊन गेल्यात. तुम्हाला गरज नाही."

"माह्यासाठी कोन म्हनते? माह्या सुनेचं राह्यलं हाय. ते टोच." मग ती बायकांकडे वळली. "माही सून लोखंडाले भेली म्हून मेली. मातामायचं नाव घेसान तं माह्याशी गाठ हाय. आना वं लेकरं."

तिच्या मनात खरोखर काय होतं, ते मला माहीत नाही. जिने नवसावर आयुष्य काढलं ती एका महिन्यात बदलली असेल असं मला वाटत नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही. एक दार उघडलं, मग दुसरं. दौलत कुऱ्हाड भिंतीला टेकवून पोरांचे हात धरायला बसला.

मायचं टोचलेलं उठलं नाही, देवी येऊन गेलेल्या अंगावर फोड उठणारच नव्हता. दंडावर नुसते गोल ओरखडे राहिलेत. पण वहिनीबद्दल कोणी काही बोलायला लागलं की ती बाही वर करून ते दाखवते आणि म्हणते, "हे भागरथीचं."