आधी गोणी, मगे राणी

"आधी गोणी, मगे राणी."

एवढं म्हणून खालचे काका चेनपुलीची साखळी ओढायला लागायचे. राणी म्हणजे मी. वय त्रेचाळीस, वजन विचारू नका. आणि गोणी म्हणजे सोसायटीच्या रिपेअरिंगमधून उरलेल्या वाळूने भरलेली खरीखुरी गोणी, माझ्या दुप्पट वजनाची. रोज सकाळी सात वाजता बोरिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये ती माझ्याआधी लटकायची. दहा मिनिटं. तेवढ्यात काका चहा प्यायचे, प्रत्येक नटबोल्टला हात लावायचे आणि मग नाइलाज झाल्यासारखे म्हणायचे, "चल, चढ."

त्यांना नावाने हाक मारताना मी कुणालाही ऐकलं नाही. आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहायचे, म्हणून आमच्यासाठी खालचे काका. पहिल्या मजल्यावरचे लोक त्यांनाच वरचे काका म्हणायचे. प्रत्येक सोसायटीत असा एक माणूस असतो. तुमच्याकडेही असेल, बघा. लिफ्ट अडकली, टाकीचं झाकण उडालं, कुणाचं कपाट जिन्यात फसलं, की तो कुणी न बोलावता येतो आणि सगळ्यांना आधी ओरडतो.

आता मी कशाला लटकत होते, ते सांगते. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. बसते म्हणजे बसूनच असते. एका दुपारी पेशंट नव्हते, मोबाईल हातात होता, आणि त्यात एक बाई उंचावरून सोडलेल्या दोन लांब कापडी पट्ट्यांवर सरसर चढली, पायाला वेढे घेतले आणि उलटी लटकून हसली. एरियल सिल्क म्हणतात त्याला. मला तिच्या चढण्याचं काही वाटलं नाही. तिच्या हसण्याचा मात्र मला हेवा वाटला. उलटं लटकून कुणी इतकं निवांत हसू शकतं? मी तर सरळ उभी राहूनही कपाळाला आठ्या घालून असते.

आमचा फ्लॅट मूळचा आईचा, आणि हॉलच्या छताला एक हूक आहे. त्याला आईच्या नऊवारीची झोळी बांधून मला लहानपणी झोपवत. मी विचार केला, हूक आहे, नऊवारी आहे, मीही आहे. बांधली की झोळी! एक पाय घातला, दुसरा घातला, वर काहीतरी करकरलं, मी धपकन फरशीवर बसले आणि खाली काकांच्या आमटीत प्लास्टरचा पापुद्रा पडला.

दोन मिनिटांत काका दारात. हातात वाटी.

"तो हूक बाळाचो," वाटी माझ्या नाकाखाली धरत ते म्हणाले. "तू बाळ आसंस?"

"काका, सॉरी ना..."

"वजन किती तुझा?"

"चौसष्ट."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "आता खरा सांग."

बहात्तर. माझ्या नवऱ्यालाही हा आकडा ठाऊक नव्हता, आणि मी तो आमटीची वाटी धरलेल्या शेजाऱ्याला सांगितला.

काकांनी सारा जन्म गोदीत काढला होता. क्रेनच्या हुकाला माल बांधायचा आणि खाली उभं राहून क्रेनवाल्याला हाताने खुणा करायच्या, हे त्यांचं काम. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. पालथ्या तळव्याने थोपटल्यासारखं केलं की हळू खाली. मूठ वर धरली की थांब. आणि माल जमिनीला टेकून हूक मोकळा झाला की दोन्ही हात पसरायचे: सुटला. काकू जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा नाशिकला. खुणा करायला समोर काही उरलंच नव्हतं. आणि मग मी लटकले.

काकांनी मला बंदी घातली असती तर मी समजू शकले असते. त्यांनी सूत्रं हातात घेतली. पंचेचाळीस वर्षांच्या बिल्डिंगच्या स्लॅबला काहीही टांगायचं नाही, लोखंडी स्टँड आणायचा. साडी बंद, याच कामासाठी विणलेलं कापड. खाली जाड गादी. फुकटचे व्हिडिओ बघून काही करायचं नाही, समोरून बघणारी टीचर हवी. मी बंगळुरूची एक मुलगी शोधली. ती ऑनलाइन शिकवायची आणि पहिल्याच दिवशी तिने स्टँडचे चारही बाजूंनी फोटो मागवले. पहिला महिना कमरेच्या वर जायचं नाही, म्हणाली. आणि घरात कुणी जवळ नसेल तर कापडाला हातसुद्धा लावायचा नाही.

"हुशार पोरगी," काका म्हणाले. "गोदीत होयी होती."

आमचे हे विमानतळावर शिफ्टला, सकाळी घरात असले तरी घोरत. त्यामुळे 'जवळ कुणी' म्हणजे काकाच. इस्त्रीचा शर्ट, खोचलेला, गळ्यात शिट्टी. "बांगड्या काढ. कानातला काढ. केस बांध." माझ्या सासूने लग्नानंतर केली नसेल एवढी तपासणी रोज व्हायची. टीचर तिकडून सांगायची, "बॉडी को फील करो," आणि मागे काका तळवा पालथा करून 'हळू, हळू' थोपटत असायचे. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "मॅम, पीछे अंकल डान्स कर रहे हैं क्या?"

समोरच्या विंगमधून मात्र वेगळंच दिसत होतं. हॉलमध्ये कापड टांगलेलं, त्यात काहीतरी जड गुंडाळलेलं, आणि म्हातारा माणूस ते हळूच झुलवतोय. चौथ्या मजल्यावरच्या बेन डिंकाचे लाडू घेऊन आल्या. "या वयात हिंमत केलीस गं," म्हणून माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर काकांनी डबा आत नेलासुद्धा. "लाडू चांगले आसत," आतून आवाज आला. खुलासा नंतर केला. डबा रिकामा झाल्यावर.

हे असंच चाललं असतं. पण पावसाळा संपता संपता काका बाथरूममध्ये घसरले आणि दोन तास तिथेच पडून राहिले. ते दार उघडेनात म्हणून दूधवाल्याने आमची बेल वाजवून वाजवून आम्हाला उठवलं. हाड मोडलं नव्हतं, नशीब. दुसऱ्या दिवशी नाशिकहून मुलगा आला आणि म्हणाला, "बाबा, आता पुरे. चला माझ्याकडे."

"नाशकात समुद्र खंय?" काका म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "आणि हिचा काम अर्धवट आसा. माल हवेत आसताना खालचो माणूस बदलूचो नसता."

म्हणजे माझं काम संपलं की ते जाणार. टीचरची शेवटची परीक्षा होती: कमरेला वेढा घेऊन उलटं व्हायचं, आणि कुणाच्याही मदतीशिवाय, घाई न करता वेढा सोडवून खाली यायचं. ते जमलं की झालं. मुलगा बिचारा दर रविवारी फोन करायचा. "ताई, जमलं का हो?"

मला जमलं होतं. मुलगा येऊन गेल्यावर पहिल्याच आठवड्यात, अगदी झकास. टीचरची तब्येत बिघडल्याने त्या दिवशी क्लास नव्हता आणि काका चहात बिस्कीट बुडवत होते, म्हणून कुणाला कळलं नाही. त्यानंतर मी रोज अडकायला लागले. उलटी व्हायचे, हळूच कापडाचं टोक वेढ्यातून ओवायचे आणि ओरडायचे, "काका, गाठ पडली!" काका खुर्चीवरून उठायचे, पुटपुटत गाठ सोडवायचे, मला धरून खाली आणायचे. "अजून कच्चा आसा," म्हणायचे. मग चहा.

मला ठाऊक होतं की मी चुकतेय. ते खाली एकटे होते, आणि मी त्यांना त्या ओल्या बाथरूमजवळ अडकवून ठेवत होते, फक्त मला सकाळी 'चल, चढ' म्हणणारं कुणीतरी हवं होतं म्हणून. रात्रभर कान खाली लावून असायचे, काही पडल्याचा आवाज येतो का बघत. आणि सकाळी पुन्हा तेच, "काका, गाठ पडली!"

एका सकाळी ते उठलेच नाहीत. खुर्चीतूनच गाठीकडे बघत राहिले. मी उलटी, वेणी गादीला टेकलेली.

"ही गाठ पडलेली नाय गो," ते म्हणाले. "ही मारलेली आसा."

गोदीत ज्याने जन्मभर गाठी बांधल्या, त्याला मी गाठीने फसवायला निघाले होते! उलटं असताना डोळ्यांतलं पाणी कपाळावर जातं, हे मला तेव्हा कळलं.

"कधीपासून कळलं तुम्हाला?"

"दोन आठवडे झाले."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कपाकडे बघितलं. "चाय चांगली करतंस," म्हणाले. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि खाकरून घसा साफ केला. "पण माल कायम हवेत ठेवूचो नसता, बाय. तो पण दमता, खालचो पण दमता. उतर."

मी गाठ सोडवली. एक वेढा, दुसरा वेढा, घाई न करता. पाय गादीला लागले आणि समोर बघितलं. रोज या वेळी काका दोन्ही हात पसरून 'सुटला' करायचे. त्या दिवशी ते कप विसळायला आत गेले.

आता काकांच्या खुर्चीत आमचे हे बसतात. सातला उठतात, जांभया देतात, गोणी लटकवतात, नटबोल्ट तपासतात. मीच शिकवलंय. काका नाशिकहून व्हिडिओ कॉल करतात आणि माझं तोंड दिसलं की चिडतात. "तुझा तोंड काय दाखवतंस? गोणी दाखव." परवा मी उलटी लटकून हसले, तेव्हा टीचरने टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, डावो बोल्ट ढिलो दिसता. खरंच ढिला होता.

ते गेले त्या सकाळचं मात्र सांगायचं राहिलं. टेम्पोत सामान भरून झालं, काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, मांडीवर शिट्टी आणि बांगड्याच्या कालवणाचा डबा. मी वर बाल्कनीत उभी. रडायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, जाऊ दे त्यांना मोकळ्या मनाने, माझी काळजी नको. म्हणून मी त्यांच्याकडे बघून दोन्ही हात पसरले. सुटला.

काकांनी वर बघितलं. मान हलवली, नाही म्हणून. खिडकीतून हात बाहेर काढला आणि मूठ वर धरली. थांब. टेम्पो गेटातून बाहेर पडून वळला, तरी ती मूठ तशीच वर होती.